समाचाराला जाताना

वाचकाचं पत्र: "दिवाळीनंतर आम्ही बावीस जणांच्या ग्रुपबरोबर कंबोडियाला निघालोय. मी, मिस्टर, नववीतली मुलगी आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. अंगकोर वाट बघायचं ही सासूबाईंचीच फार दिवसांची इच्छा. पण कार्यक्रमात नॉम पेन शहराचा एक दिवस आहे. त्या दिवशी सकाळी तुओल स्लेंग हे नरसंहाराचं संग्रहालय आणि दुपारी चोएंग एकची दफनभूमी, दोन्हीकडे गाइड. ज्यांना नको असेल त्यांना बाजारात सोडू, असं टूर मॅनेजर म्हणतो. मुलीला जायचंच आहे, यूट्यूबवर तिने काय काय बघून ठेवलंय. मिस्टर म्हणतात, पैसे भरलेत तर सगळं बघू. सासूबाई म्हणतात, 'ते काय बघायचं ठिकाण आहे? मयताचं घर आहे ते. सुट्टीत तिथे कशाला?' मला स्वतःला दुसऱ्यांच्या मरणाचा तमाशा बघायला गेल्यासारखं वाटेल अशी धास्ती आहे. त्यातच मे महिन्यात माझे वडील गेले. शेवटचे अकरा दिवस आयसीयूत होते. तेव्हापासून लोखंडी कॉट नुसती दिसली तरी धडधडतं. तिथे मुलीसमोरच कोसळले तर? जाऊ की नको? – एक आई, मुलुंड"

प्रिय ताई,

सासूबाईंपासून सुरुवात करते, कारण त्या जागेबद्दल तुमच्या घरात सगळ्यात नेमकं त्याच बोलल्यात. मयताचं घर आहे ते. आणि मयताच्या घरी कसं जायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. लग्नाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि मयताला बोलावण्याची वाट बघू नये, हे लहानपणापासून ऐकत आलो. आपण समाचाराला जातो तेव्हा भडक साडी नेसत नाही. दारात चपला काढून मिळेल त्या कोपऱ्यात बसतो. आजार काय होता, कसं झालं, हे खोदून विचारत नाही. घरातलं माणूस सांगायला लागलं तर मात्र ते दहाव्यांदा सांगत असलं तरी पूर्ण ऐकून घेतो. चहा मागत नाही. निघताना 'येते' म्हणत नाही, नुसतं 'निघते' म्हणतो. घरी येऊन अंघोळ करतो आणि त्या दिवशी सहसा दुसरा बेत ठेवत नाही.

नॉम पेनला जाण्यासाठी एवढी तयारी पुरते, असं मी तिथे जाऊन आल्यावर सांगते आहे. तुमचा तमाशाचा प्रश्नही इथेच सुटतो. जागा तीच असते, भिंतीवरचे फोटो तेच असतात. एक माणूस बघायला जातं आणि एक समाचाराला जातं. सव्वीस अकरानंतर कुलाब्यातल्या एका कॅफेत लोक गोळ्यांच्या खुणा बघायला जायचे. काहीजण भिंतीसमोर उभं राहून हसत फोटो काढायचे, तर काहीजण एक कॉफी घेऊन गप्प बसून उठायचे. दोघांनी पैसे तेवढेच दिले, पण वेटरला फरक कळत असणार.

तेव्हा माझं मत सांगून टाकते: जा. मात्र चौघांनी सगळीकडे मिळूनच जायचं, असा हट्ट नको. कुणी कुठपर्यंत जायचं, ते पुढे एकेकाचं सांगते.

मी आठ-नऊ वर्षांपूर्वी गेले होते, अशाच एका ग्रुपबरोबर. आदल्या रात्री उशिरा पोचलेलो, सकाळी पोटभर नाश्ता करून बसमध्ये बसलो, बस थांबली, उतरलो. आपण कुठे आलोय याचा मी मनाशी पाच मिनिटंही विचार केला नव्हता. आत शिरल्यावर पहिली जाणीव झाली ती ओळखीची. ती शाळाच आहे, पुढे तिचा तुरुंग केला होता. तीन मजल्यांच्या इमारती, लांबलचक व्हरांडे, ओळीने वर्ग, मधे पटांगण, पटांगणात पांढरा चाफा. पायाखाली चौकडीच्या फिकट पिवळ्या आणि पांढऱ्या फरश्या, गिरगावात माझ्या मामाच्या चाळीत होत्या साधारण तशाच. मी बराच वेळ फक्त फरशीकडे बघत चालले होते, कारण नजर वर केली की लोखंडी कॉट दिसत होती.

हे तुम्हाला मुद्दाम सांगते आहे. पहिल्याच इमारतीत, जिला 'ए' म्हणतात, प्रत्येक खोलीत एक लोखंडी कॉट आहे, तिच्यावर बेड्या आहेत आणि भिंतीवर त्याच खोलीत काढलेला एक फोटो. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी सैन्य शहरात शिरलं, तेव्हा तुरुंगवाले पळताना शेवटच्या कैद्यांना मारून गेले होते. त्या चौदाजणांच्या पांढऱ्या कबरी पटांगणात आहेत. ताई, तुम्ही त्या इमारतीत पाऊल ठेवू नका. तुमचे अकरा दिवस अजून ताजे आहेत. धैर्याची परीक्षा घ्यायची ती वेळ नव्हे आणि ती जागाही नव्हे. गाइडला आधीच सांगून ठेवा की 'ए' इमारतीच्या वेळी मी बाहेर झाडाखाली बसेन. तिथे बाकं आहेत. बाकावर बसणारे पुष्कळ असतात, कुणी वळून बघत नाही.

आता मुलीचं. नववीतली आहे, जाऊ द्या. पोलंडमधल्या आउशवित्झच्या स्मारकाचे लोक चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नका असं सुचवतात, मला ती रेषा शहाणपणाची वाटते. पण यूट्यूबवर बघून आलेल्या मुलीला छळाचे प्रकार आधीच माहीत असतात आणि माणसं माहीत नसतात. म्हणून जायच्या आधी एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर टीव्ही बंद करून तिला सरळ गोष्ट सांगा. मी सांगितली असती ती अशी.

१७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूजचे, म्हणजे तिथल्या कम्युनिस्ट संघटनेचे, सैनिक नॉम पेनमध्ये शिरले. पाच वर्षांचं यादवी युद्ध संपलं म्हणून लोक आधी रस्त्यावर येऊन आनंदाने हात हलवत होते. त्याच दिवशी हुकूम निघाला: शहर सोडा, दोन-तीन दिवसांसाठीच, अमेरिकन विमानं बॉम्ब टाकणार आहेत. हॉस्पिटलमधल्या रुग्णांना नातेवाइकांनी पलंगासकट ढकलत नेलं. निर्वासित धरून जवळजवळ वीस लाखांचं शहर काही दिवसांत रिकामं झालं. ते दोन-तीन दिवस पुढे तीन वर्षं आठ महिने चालले. पैसा बंद, बाजार बंद, शाळा बंद, देवळं बंद. सगळ्यांनी शेतावर राबायचं आणि हुकूम द्यायचा 'अंगकार'ने, म्हणजे 'संघटने'ने. त्या संघटनेचा चेहराही लोकांना दिसत नव्हता. पोल पॉट हे त्यांच्या पुढाऱ्याचं घेतलेलं नाव, खरं नाव सालोत सार. तो पॅरिसला शिकून आलेला, काही काळ शिक्षकी केलेला माणूस. उपासमारीने, रोगाने, कष्टाने आणि थेट मारून मिळून १७ ते २० लाख माणसं गेली असा अंदाज आहे. देशाची लोकसंख्या होती ८० लाखांच्या आसपास. म्हणजे साधारण चौघांतलं एक. तुम्ही चौघं जेवायला बसलेले असाल, तेव्हा हा आकडा सांगू नका. तिचा तिला कळेल.

आणि ही शाळा? तिला 'एस-२१' असं सांकेतिक नाव होतं. तिचा प्रमुख दुच हा पूर्वी गणिताचा शिक्षक होता. कैद्यांकडून लिहून घेतलेले कबुलीजबाब तो वाचायचा आणि त्यांवर लाल शाईने शेरे मारायचा. माझ्या आईने आयुष्यभर महापालिकेच्या शाळेत वह्या तपासल्या. तिच्या उजव्या हाताच्या बोटाला कायम लाल डाग असायचा. ती लाल शाई मला तिथे आठवली आणि त्यानंतर बराच वेळ गाइड काय सांगत होती ते मी ऐकलंच नाही.

या तुरुंगात किमान १२ हजार माणसं आणली गेली, काही याद्या १८ हजारांपर्यंत जातात. शेवटी जिवंत सापडली ती बोटांवर मोजण्याइतकी. वान नाथ वाचला, कारण त्याला चित्रं काढता येत होती आणि त्यांना पोल पॉटची चित्रं हवी होती. चुम मे वाचला, कारण त्याला यंत्रं दुरुस्त करता येत होती. नंतर वान नाथने आत जे पाहिलं ते रंगवलं. ती चित्रं तिथे आहेत आणि फार स्पष्ट आहेत. मुलीला ती दाखवायलाच हवीत असं मला वाटत नाही. ती स्वतः पुढे होऊन बघत असेल तर अडवू नका, पण गाइडला एकेका चित्राचं वर्णन करायला लावू नका.

तिथे तिला सगळ्यात जास्त वेळ लागेल तो फोटोंपाशी. प्रत्येक कैदी आला की त्याचा फोटो काढायचे, छातीवर नंबर लावून. डोळ्यांवरची पट्टी त्याच क्षणी काढलेली असायची. म्हणून काही चेहरे मिचमिचे आहेत, काही नुसते गोंधळलेले. एका मुलाच्या अंगात सदरा नाही, नंबरची पिन कातडीलाच टोचली आहे. खोल्यांमागून खोल्या, पॅनेलवर ओळीने चेहरे. मी एका मुलीपाशी थांबले. केस कानाखाली सरळ कापलेले, तेव्हा सगळ्या मुलींना तसेच कापायला लावत. चेहऱ्यावर भीतीही नव्हती. बसचं तिकीट काढताना आपण कंडक्टरकडे बघतो तसं ती समोर बघत होती. वय असेल चौदा-पंधरा.

इथे तुमची मुलगी बहुतेक विचारेल की पहारेकरी कोण होते. खरं उत्तर द्या. त्यातले पुष्कळसे खेड्यांतून आणलेली पोरं होती, तिच्याहून चार-दोन वर्षांनीच मोठी. आणि पुढे संशयाचं वारं फिरलं तसे त्यातलेही कितीतरी पकडले गेले. त्यांचेही फोटो काढले गेले, त्याच कॅमेऱ्यासमोर. एस-२१ मध्ये आणलेल्यांत ख्मेर रूजचे स्वतःचेच कार्यकर्ते फार मोठ्या संख्येने होते. कोण वाईट, कोण चांगलं, याची वाटणी करायला निघालेल्या नववीतल्या मुलीला हे ऐकून राग येईल. तो राग घाईघाईने शांत करू नका. परतीच्या विमानात ती पुन्हा तोच विषय काढेल.

ती आणखी एक विचारू शकते: आपल्याच लोकांना मारलं तर त्याला वंशसंहार कसं म्हणायचं? चांगला प्रश्न आहे आणि न्यायालयातही त्यावर बराच खल झाला. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारात वंशसंहाराची जी व्याख्या आहे, तिला एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट लागतो. म्हणून २०१८ मध्ये नॉम पेनच्या विशेष न्यायालयाने वंशसंहाराचा निकाल दिला तो देशातले व्हिएतनामी आणि चाम जमातीचे मुसलमान यांच्यावरच्या अत्याचारांबद्दल. बाकीच्यांची कत्तल 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' या कलमात बसली. दुचला आधी ३५ वर्षांची शिक्षा झाली, अपिलात २०१२ मध्ये ती जन्मठेप झाली, आणि २०२० मध्ये तो कैदेतच मेला. पोल पॉट १९९८ मध्येच मेला, त्या न्यायालयासमोर कधी उभा राहिलाच नाही. इतक्या वर्षांच्या कामानंतर शिक्षा झाली ती एकूण तिघांना. एवढं सांगून थांबा. 'फक्त तीन?' असं ती म्हणेल, तेव्हा तुमच्याकडे उत्तर नसेल, माझ्याकडेही नाही.

गाइडबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळं त्या माणसावर अवलंबून असतं. तिथे कानाला लावायचं ऑडिओ गाइडही मिळतं आणि ज्यांना एकटं राहायचं आहे त्यांच्यासाठी ते चांगलं आहे. पण मुलीच्या कानात दोन तास एक अनोळखी आवाज बोलत राहणार, तिला मधे प्रश्न विचारता येणार नाही आणि तिचा चेहरा कसा झालाय हे त्या आवाजाला दिसणार नाही. माणूस गाइड घ्या. टूर मॅनेजरला आजच कळवा की बसमधल्या गाइडनेच आत फिरवू नये, संग्रहालयाचे स्वतःचे गाइड प्रवेशद्वाराशी मिळतात, ते घ्यावेत, आणि बावीस जणांचे दोन गट करावेत. बावीसजण एका वर्गखोलीत शिरले की मागच्यांना काही ऐकू येत नाही. मग ते आपसांत बोलायला लागतात, आणि दुपारी जेवायला कुठे थांबायचं हाच विषय निघतो. आमच्या ग्रुपमध्ये तसंच झालं.

आमची गाइड पन्नाशीची होती. हातात मिटलेली छत्री. शहर रिकामं झालं तेव्हा ती लहान होती, आईचा पदर धरून चालत गेली होती असं तिने सांगितलं. कंबोडियात पदर नसतो, पण तिने हाताने जी खूण केली ती पदर धरल्याचीच होती. वडील शिक्षक होते. पुढचं तिने सांगितलं नाही. 'ए' इमारतीत ती एकाही खोलीत आत आली नाही. प्रत्येक दाराशी यायची, खोलीकडे पाठ करून उभी राहायची आणि म्हणायची, "तुम्ही बघा, मी इथे आहे." तिसऱ्या का चौथ्या दाराशी मी तिला विचारलं, रोज रोज हे सांगताना तुम्हाला त्रास होत नाही का? सहानुभूतीनेच विचारलं होतं. ती काही बोलली नाही. छत्रीचा पट्टा सुटला होता, तो तिने नीट लावला आणि पुढच्या दाराशी गेली. आपल्या माणसाच्या मयताला कुणी आपल्याला असं विचारलं असतं तर, हे मला हॉटेलवर गेल्यावर सुचलं. म्हणून तुम्हाला सांगते, गाइडला त्याच्या घरचं विचारू नका. त्याने आपण होऊन सांगितलं तर पाय थांबवा, मोबाइल खाली करा आणि त्याच्याकडे बघा. भिंतीवरचे फोटो पाच मिनिटांनीही तिथेच असणार आहेत. विचारायचंच असेल तर जागेबद्दल विचारा. 'सी' इमारतीच्या व्हरांड्यांना काटेरी तारांची जाळी का आहे? (कैद्यांनी वरून उडी टाकून जीव देऊ नये म्हणून.) पटांगणातला तो उंच लाकडी सांगाडा कशाचा? (मुलांच्या कसरतीचा. पुढे त्याचा वापर छळासाठी झाला.) अशा प्रश्नांची उत्तरं तो सरळ देईल.

मिस्टरांना एक काम द्या. त्यांना सगळं बघायचंय ना, मग मुलीबरोबर ते राहतील, पूर्ण वेळ, हाताच्या अंतरावर. आणि त्यांचा फोन तुमच्या पर्समध्ये. हे आदल्या रात्री ठरवून टाका, तिथे दारात वाद नको. तिथे पाट्याही आहेत, त्यातल्या एकीवर हसरा चेहरा काढून त्यावर काट मारलेली आहे. कुणी कुणी तिच्यासमोरच उभं राहून फोटो काढतं. मुलीशी एक खूण ठरवा: बाबांचा हात दोनदा दाबला की काही न बोलता दोघांनी बाहेर पटांगणात यायचं. 'काय झालं?' हा प्रश्न विचारायचा नाही. कपडे गुडघे आणि खांदे झाकणारे. पाण्याची बाटली चालेल, खाणं नको.

तुम्ही मुलीसमोर रडलात तर काय? ताई, मे महिन्यात तुम्ही किती वेळा तिच्यासमोर रडलात? माझा अंदाज, एकदाही नाही. पत्रात तुम्ही वडिलांबद्दल दोन-तीन ओळींत लिहून मोकळ्या झालात, म्हणून म्हणते. बाकावर बसलेली आई रडताना दिसली तर मुलगी येऊन शेजारी बसेल. तिला समजेल की हे आजोबांसाठी आहे आणि थोडं त्या कापलेल्या केसांच्या मुलीसाठीही. तुम्ही काही समजावून सांगू नका. आणि आदल्या रात्री झोप लागली नाही, सकाळी उठून पाय जड झाले, तर हॉटेलवर थांबा. तुम्ही हॉटेलवर थांबलात म्हणून त्या जागेचा काही अपमान होत नाही. समाचाराला घरातलं एक माणूस गेलं तरी सगळं घर गेल्यासारखंच असतं.

एका दिवसात दोन्ही ठिकाणं, याला मात्र माझा विरोध आहे. निदान मुलीच्या बाबतीत. तुओल स्लेंगनंतर तिला दुपारी चोएंग एकला नेऊ नका. हॉटेलवर अंघोळ करू द्या, झोपू द्या, संध्याकाळी नदीकाठी न्या. टोन्ले साप नदी पावसाळ्यात उलटी वाहते, मेकाँग नदीचं पाणी तिच्यात शिरतं आणि ती ज्या तळ्यातून निघते त्याच्याकडेच परत जाते. पाऊस सरला की पुन्हा सरळ वाहू लागते. तुम्ही जाल तेव्हा बहुतेक ती नुकती वळलेली असेल. तिथे भरपूर गर्दी असते, पोरं फुगे विकत असतात, कणसं भाजत असतात. तिला कणीस खाऊ द्या.

आणि दुपारी चोएंग एकला सासूबाईंना न्या. दचकू नका, पुढचं वाचा.

चोएंग एक हे ठिकाण शहरापासून साधारण पंधरा किलोमीटरवर. एस-२१ मधल्या बहुतेकांना रात्री ट्रकने तिथे नेऊन मारलं आणि पुरलं. १२९ सामूहिक खड्डे सापडले, त्यातले ८६ उकरले, सुमारे नऊ हजार माणसांचे अवशेष निघाले. आज तिथे गवत आहे, झाडं आहेत, कोंबड्या फिरत असतात. जोराचा पाऊस झाला की मातीतून अजून कापडाचे तुकडे आणि हाडं वर येतात. पायवाट सोडून चालायचं नाही, काही उचलायचं नाही, एवढं सासूबाईंना सांगावंही लागणार नाही. मधे १९८८ मध्ये बांधलेला उंच स्तूप आहे, त्यात काचेमागे कवट्या ठेवल्या आहेत. आत जाताना चपला काढतात. सासूबाई बाहेरूनच नमस्कार करू शकतात, आत जायची सक्ती नाही.

त्यांना नेण्याचं कारण वेगळं आहे. कंबोडियात पावसाळा सरताना पंधरा दिवसांचा एक सण असतो, प्चुम बेन. त्यातला 'बेन' म्हणजे आपला पिंड, शब्दही इकडून तोच गेलेला. त्यांच्या त्या महिन्याचं नावही भाद्रपदाचंच रूप आहे. पहाटे अंधारात लोक विहारात जातात आणि भाताचे गोळे टाकतात, सात पिढ्यांच्या पितरांसाठी आणि ज्यांचं कुणी काही केलं नाही अशांसाठी. तीन वर्षं आठ महिने त्या देशात विहार बंद होते, भिक्षूंची चीवरं उतरवून त्यांना शेतावर धाडलं होतं. लाखो माणसं गेली आणि एकाच्याही नावाने भाताचा गोळा टाकता आला नाही. आता टाकतात. पितृपंधरवडा पाळणाऱ्या बाईला हे दोन वाक्यांत कळेल, तुम्हाआम्हाला कळायला संग्रहालयाचे तीन मजले चढावे लागतात. अंगकोरला त्या भग्न मूर्ती बघून हळहळतीलच, आणि आपल्या पुरातत्त्व खात्याच्या माणसांनी १९८६ ते १९९३ या काळात अंगकोर वाटची दुरुस्ती केली हे गाइडकडून ऐकून खूशही होतील. त्याच देशातली ही दुसरी जागा त्यांनी बाजारात बसून चुकवू नये, असं मला मनापासून वाटतं.

तरी शेवटी त्यांची इच्छा. 'चला ना आई, सगळे जातायत' असा आग्रह करू नका. प्चुम बेनचं तेवढं सांगा आणि विषय सोडून द्या. दोन दिवसांनी त्या आपणहून विचारतील.

पैशांचं एकच. गाइडला बक्षिसी द्यायची असेल तर बाहेर आल्यावर, पाकिटात घालून, दोन्ही हातांनी. आमच्यातल्या एकाने व्हरांड्यातच नोटा मोजल्या, ते मला अजून टोचतं. आणि तिथे वाचलेल्यांपैकी कुणी पुस्तकं घेऊन टेबलाशी बसलेलं असेल (चुम मे आणि बू मेंग कितीतरी वर्षं तसे बसत), तर पुस्तक घ्या, भाव करू नका.

निघताना मी आमच्या गाइडला इंग्रजीत 'थँक यू' म्हणाले आणि सवयीने पुढे मराठीत 'निघते' म्हणून गेले. तिला शब्द कळला नसणार. तिने छत्री काखेत धरली आणि हात जोडले, आपण जोडतो तसेच, फक्त थोडे उंच.

सामान भरताना सासूबाईंना एक विचारून ठेवा, उदबत्तीचा पुडा घ्यायचा का. स्तूपासमोर लावतात.